थेंब बुडला पाहिजे

रक्तदान शिबिरात पहिली परीक्षा असते बोटाची. बोटाला सुई टोचतात, रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्याच्या छोट्या भांड्यात सोडतात आणि बघत बसतात. थेंब सरळ खाली बुडला तर रक्त भरपूर आहे, या, झोपा खाटेवर. वरच तरंगला तर रक्त कमी आहे, ताई, पुढच्या वेळी या. ना पेपर, ना मास्तर, ना कॉपी करायची सोय. आणि या परीक्षेत गोंदियाजवळच्या कुडव्याची अल्का शहारे लागोपाठ तीन वर्षं नापास झाली होती.

आता अल्का म्हणजे नापास होणाऱ्यांतली बाई नव्हे. गोंदियाच्या बाजारात एका साडीच्या दुकानात ती काम करते. 'फक्त बघायला' म्हणून आलेली बाई तिच्यासमोरून कधी रिकाम्या हाताने गेलेली नाही. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून ती आरशासमोर अशी वळते की नवरीची आईसुद्धा भाव करायचं विसरते. शहरातल्या गिऱ्हाइकाशी हिंदी, खेड्यातून आलेल्या बायांशी झाडीबोली, पोवारीण दिसली की पोवारी. सगळं जग तिचं ऐकतं, आणि एक थेंब तेवढा ऐकत नव्हता.

मागच्या वर्षीची गोष्ट तर तिला फारच लागली. बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस. विहाराच्या अंगणात मंडप, निळ्या पताका, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायांची रांग. अल्काचा थेंब भांड्यात पडला, जरासा खाली गेला, आता बुडणार असं वाटलं, आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा वर येऊन बसला. मागे उभ्या असलेल्या वस्तीतल्या अनुसयाबाईंनी ठेवणीतला आवाज काढला, "अल्काच्या अंगात रगत नाही वो बाप्पा, नुसता चहा हाय!"

सगळा मंडप हसला. अल्काही हसली, सगळ्यांपेक्षा जोरात हसली. घरी आल्यावर मात्र न्हाणीत नळ मोठा सोडून रडली.

तिला रक्त द्यायचंच होतं, आणि त्याला कारण होतं. लेकीच्या, स्नेहलच्या, वेळी बाळंतपणात अल्काच्या अंगावरून इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, चंद्रशेखरला, बाजूला घेऊन सांगितलं, रक्त मिळालं तर बाई वाचेल. रक्त मिळालं. कोणाचं, ते कोणालाच कळलं नाही. स्नेहल आता कॉलेजात जाते, आईला उलट उत्तरं देते, आईची स्कूटी पळवते. हे सगळं ज्याच्या रक्तावर चाललंय तो माणूस रस्त्यात भेटला तरी अल्का त्याला ओळखणार नव्हती. आपण घेतलं आणि दिलं नाही, ही गोष्ट पायात मोडलेल्या काट्यासारखी तिला सलत होती.

यंदा मात्र तिने आधीच कंबर कसली. पळसाला कळ्या धरल्या तशी ती आरोग्य केंद्रात जाऊन उभी राहिली. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "चहा किती होतो दिवसाला?"

अल्का बोटं मोजू लागली. एक हात संपला, ती दुसऱ्या हातावर गेली. "मॅडम, दुकानात गिऱ्हाइकासंगं घ्याच लागते ना."

"आणि जेवल्यावर?"

"जेवल्यावर तं पाहिजेच!"

"मग गोळी घेऊन उपयोग काय? तुमचा चहा तिला अंगी लागूच देत नाही. जेवणाच्या आगेमागे चहा बंद. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यायची. सकाळी चाला, रात्री वेळेवर झोपा. ऊन वाढत चाललंय, पाणी भरपूर प्या. आणि चिडचिड जरा कमी करा."

"चिडचिड? मी कुठं चिडतो मॅडम!" अल्का एवढ्या जोरात म्हणाली की बाहेर बाकावर झोपलेलं लेकरू दचकून रडायला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात क्रांती सुरू झाली. पहिला बळी गेला अॅल्युमिनियमच्या कढईचा. सासूबाई पार्वताबाईंनी सडक अर्जुनीकडच्या माहेरून कधीकाळी आणलेली लोखंडी कढई माळ्यावरून खाली आली, घासून चकचकीत झाली. दारातला मुंगना, म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला शेवगा म्हणतात तो, रोज थोडाथोडा बोडका होऊ लागला. मुंगन्याच्या पाल्याची भाजी, मुंगन्याचा पाला घातलेलं वरण, पाला मळून केलेल्या पोळ्या. चंद्रशेखर बिचारा वायरमन माणूस, दिवसभर खांबांवर चढून भुकेजून येणारा. चौथ्या दिवशी त्याने ताटाकडे बघून विचारलं, "अल्का, झाडावर शेंगा लागतात का नाही? का नुसता पालाच?"

"शेंगा रविवारी," अल्का म्हणाली.

सकाळी चालायला सोबत कोण, हा प्रश्न होता. स्नेहल सूर्याच्या आधी उठायची नाही, चंद्रशेखर 'माझं चालनं दिवसभर होते' म्हणून कुशीवर वळायचा. उरल्या पार्वताबाई. त्या म्हणाल्या, मी येतो. पहिल्याच दिवशी अल्का अशी सुटली की कोपऱ्यावर पोचून मागे बघते तर सासूबाई अजून दुसऱ्या घराच्या फाटकापाशी.

"काऊन वो," पार्वताबाई तिथूनच ओरडल्या, "मागं कुत्रं लागलं का तुले?"

"आई, भरभर चाललं तं रगत वाढते."

"भरभर चाल ना, कोन नाही म्हनते? पन तू चालून नाही राहिली, भांडून राहिली. आतापासूनच दुकानातल्या बायांसंगं बोलून राहिली मनात. तोंड हालते तुयं."

खरंच हलत होतं. काल एका गिऱ्हाइकाने ढीगभर साड्या उलगडायला लावून शेवटी रुमाल घेतला होता, आणि अल्का त्या बाईला आता, सकाळी, कुडव्याच्या रस्त्यावर, जे तेव्हा बोलता आलं नाही ते सुनावत होती. चोरी पकडली गेल्याचं तिला इतकं हसू आलं की ती तिथेच थांबली. मग दोघींचा करार झाला. जाताना अल्काच्या चालीने जायचं, पार्वताबाई नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावर बसून राहतील. येताना मात्र पार्वताबाईंच्या चालीने, आणि येताना दुकानाचं नाव काढायचं नाही.

त्या येतानाच्या चालण्याने कमाल केली. उन्हाळी धानाच्या बांध्या हिरव्यागार, पाण्यात उभे बगळे, लांब कुठेतरी मोहाचा गोडसर वास, आणि पळस तर असा पेटलेला की बघत राहावं. इतकी वर्षं अल्का याच रस्त्याने स्कूटीवर, हेल्मेटच्या आत कुरकुरत गेली होती. फागुन तिच्या अंगावरून जात होता आणि तिला ठाऊकच नव्हतं! सासूबाई एकेका झाडापाशी थांबायच्या, कोणाला यंदा बहर जास्त आला त्याची चौकशी करायच्या. घरी पोचेपर्यंत अल्काचा जीव अगदी हलका होऊन जायचा, आणि सपाटून भूक लागायची.

खरा घोटाळा झाला तो दुकानात. दुकानाचे मालक रामलाल शेठ. लग्नसराईचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि ऐन या वेळी अल्काने चहा नाकारला. एकदा नाकारला, तो कप शेठनी स्वतःच घेतला. दुसऱ्यांदा नाकारला, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. गोंदियात घरच्या माणसाने चहाला नाही म्हणणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. आजारी असाल तर चहा, भांडण मिटलं तर चहा. चहा फक्त रुसलेला माणूस नाकारतो. त्यात अल्का दुपारी जेवून आतल्या गादीवर घटकाभर आडवी होऊ लागली. आठवडाभर शेठ हे सगळं पाहत होते आणि आतल्या आत झुरत होते. समोर नवं दुकान उघडलं होतं. सगळी गोळाबेरीज शेठच्या मनात झाली.

एका दुपारी अल्का डोळे मिटून पडली होती, तर शेठ रबडीचा मातीचा कसोरा घेऊन दारात.

"दीदी, नाराज हो क्या?"

"नाही शेठ, काऊन?"

"सच सच बताओ. सामनेवाले ने बुलाया है ना? हमसे कुछ गलती हुई हो तो बोलो. पर सीझन में छोड़के मत जाना."

अल्काने कपाळावर हात मारला. मग बसून सगळी हकीकत सांगितली. निळं पाणी, थेंब, अनुसयाबाई, गोळी, लिंबू. शेठ ऐकता ऐकता खुर्ची ओढून बसले, रबडी त्यांनीच खाल्ली, आणि शेवटी इतक्या मोठ्याने हसले की बाहेरची गिऱ्हाइकं वाकून आत बघू लागली. दुसऱ्या दिवसापासून दुकानात दोन किटल्या येऊ लागल्या. एक चहाची, एक लिंबूपाण्याची. आणि उन्हातून आलेल्या बाया चहाची किटली सोडून दुसरीवर तुटून पडू लागल्या.

रात्रीचं कुलूप स्नेहलने लावलं. आई अंथरुणात पडून महिला मंडळाच्या ग्रुपवर साड्यांचे फोटो आणि भांडणं बघत बसते, हे तिला माहीत होतं. तिने जाहीर केलं, जेवणं झाली की मम्मीचा फोन तांदळाच्या डब्यात. अल्का म्हणाली, मग तुझाही. स्नेहल म्हणाली, माझा अभ्यास असते. पार्वताबाई म्हणाल्या, "दोघींचेही टाका, लेक का दुसऱ्या मातीची हाय?" डब्यात दोन फोन गेले. पहिल्या रात्री तांदळातून टिंग टिंग आवाज येत राहिला, अल्का आढ्याकडे बघत तळमळत राहिली. पण पुढे झोप अशी गाढ लागू लागली की पहाटे कोकिळा ओरडून ओरडून दमायची.

आणि मग हळूहळू गंमत व्हायला लागली. वरच्या माळ्यावरून साड्यांचे गठ्ठे आणताना जो दम लागायचा तो लागेनासा झाला. केस विंचरताना हातात कमी यायला लागले. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डोळे. खालची पापणी ओढून आत लाली दिसते का ते बघायचं, हे आरोग्य केंद्रात तिने पाहिलं होतं. आता ती दुकानातल्या आरशात जाता येता पापणी ओढू लागली. मग चंद्रशेखरची ओढली, शेठची ओढली, आणि एकदा तर शालू बघायला आलेल्या दरेकशाच्या नवरीची पापणी खाली ओढून म्हणाली, "बाई, शालू घे, पन आधी मुंगना खा." नवरीने शालूही घेतला आणि मुंगन्याची भाजी कशी करायची तेही विचारून घेतलं.

जयंती जवळ येत गेली तशी अल्काला धाकधूक वाटू लागली. चौथ्यांदा तरंगला तर? एवढी दवंडी पिटून झाली होती. शेठ रोज विचारत होते, "दीदी, कितने दिन बचे?" अनुसयाबाई वाटेत भेटल्या की भुवया उडवत होत्या. अल्काने स्वतःला बजावलं, नाही बुडला तर नाही बुडला, पुढच्या वर्षी पुन्हा. पण हे ती वरवर म्हणत होती. तिला बुडायलाच हवा होता.

आणि उजाडला तो दिवस! सकाळी वंदना झाली. चंद्रशेखरने आपल्या हाताने पोहे करून तिला पोटभर खाऊ घातले, कारण डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, उपाशीपोटी जायचं नाही. पांढरी साडी नेसून अल्का विहाराच्या अंगणात आली तेव्हा ढोलताशेवाले वाद्यं तापवत होते, पोरं निळे फेटे बांधून घेत होती, पिंपळाला नवी तांबूस पालवी फुटली होती. रांगेत तिच्या मागे पुन्हा अनुसयाबाईच.

टेबलावर हिमांशू नावाचा रक्तपेढीचा तरुण होता. त्याने बोट पुसलं, टोचलं, नळीत रक्त घेतलं. "जयभीम ताई. बघा हं."

थेंब पडला.

क्षणभर तो निळ्या पाण्याच्या वरच्या थरात अडकल्यासारखा वाटला. अल्काने श्वास धरला. अनुसयाबाईंनीही धरला. आणि मग तो थेंब, लाल मण्यासारखा गोल, सरळ खाली गेला आणि तळाशी जाऊन बसला.

"बुडला! आई, बुडला वो! स्नेहल, डुबला!" अल्काने अशी उडी मारली की टेबल हललं. तिने हिमांशूचा हात धरून हलवला, मग वळून अनुसयाबाईंना मिठी मारली. अनुसयाबाईंचे डोळे भरून आले होते, ही गोष्ट त्या आज कबूल करत नाहीत, पण आले होते. ताशेवाल्यांना काय झालं ते कळलं नाही, तरी त्यांनी एक कडक तुकडा वाजवून टाकला. सगळा मंडप टाळ्या पिटू लागला.

पुढच्या टेबलावर रक्तपेढीच्या डॉक्टर बसल्या होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, कपाळाला आठी घातली. पुन्हा फुगवला.

"ताई, प्रेशर वर गेलंय. नाडी तर धावतेय नुसती. असं नाही घेता येणार."

अल्काने मागच्या टेबलाकडे बोट केलं. "पन थेंब बुडला ना मॅडम!"

"बुडला, रक्त छान आहे तुमचं. पण तुम्हीच हवेत आहात. जरा शांत बसा, थोड्या वेळाने परत बघते. रॅली निघाली की आम्हाला आवरावं लागेल, तेवढं लक्षात ठेवा."

शांत बसा! आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आनंदाच्या वेळी, शेजारी ताशा कडाडत असताना, शांत बसा! अल्का खुर्चीवर बसली, डोळे घट्ट मिटले, मुठी आवळल्या आणि दात ओठ खाऊन शांत होऊ लागली. तेवढ्यात फोन वाजला. शेठ होते. "दीदी, बुडा क्या? और वो गुलाबी पैठणी का डिब्बा कहाँ रखा है, पार्टी आके बैठी है." अल्का सांगू लागली, वरच्या फळीवर, डावीकडे, नाही नाही, डावीकडे! डॉक्टरांनी दुसऱ्यांदा पट्टा बांधला. आकडा तिथेच. नाडी उलट वाढलेली.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडे फेटे बांधून झाले होते, रथाला हार घालत होते. पार्वताबाई काठी टेकत आल्या. त्यांनी सुनेच्या हातातून फोन काढला आणि नातीकडे दिला. "बंद कर थो." मग अल्काचा हात धरला. "चाल."

"आई, बसाले सांगतलं मॅडमनं."

"तुले बसनं जमते का? चाल माह्यासंगं. माह्या चालीनं."

दोघी विहाराच्या मागच्या बाजूला निघाल्या. पार्वताबाई एक पाऊल टाकत, थांबत. पिंपळापाशी थांबल्या, पालवी बघितली. "यंदा लवकर फुटला, नाही?" पुढे कोणाच्या तरी भिंतीवरून लिंबोणीचा मोहोर वाकला होता, तिथे थांबल्या. अल्काचे पाय आधी ओढ घेत होते, मग त्यांना ती चाल आठवली.

"आई, नाही झालं तं?"

"थेंब खाली गेला ना बाई? आता तू बी ये खाली. वरून कायले पाहून राहिली?"

अल्काला हसू आलं, आणि हसता हसता तिचा खोल श्वास सुटला, आपोआप, कोणी न सांगता. ताशा वाजतच होता, पण आता तो लांब वाटत होता. विहाराला वळसा घालून त्या परत आल्या तेव्हा तिचे तळवे कोरडे झाले होते. तिसऱ्यांदा पट्टा बांधताना तिने आकड्याकडे बघितलंच नाही, डॉक्टरांच्या साडीचा काठ बघत राहिली. चांगला काठ होता, हातमागाचा.

"आता कसं!" डॉक्टर म्हणाल्या. "जा, झोपा खाटेवर."

सुई गेली तेव्हा जरा टोचलं, एवढंच. हिमांशूने हातात रबरी चेंडू दिला आणि दाबत राहा म्हणाला. बाहेर रॅली उठली, जयघोष झाला, स्नेहल मंडपाच्या दारातून कधी रॅलीकडे, कधी आईकडे बघत उभी होती. अल्का चेंडू दाबत होती, सोडत होती. खाली पिशवी झुलत होती आणि तिला ती दिसत नव्हती.

शेवटी हिमांशूने सुई काढली, कापूस दाबला, पिशवी उचलली.

"मले हात लावू देता का एकडाव?" अल्काने विचारलं.

त्याने पिशवी तिच्यापुढे धरली. अल्काने तळवा टेकवला आणि दचकलीच.

"गरम हाय!"

"तुमच्या अंगातलंच आहे ना ताई. आता थंड पेटीत ठेवतो."

आपल्याला दिलेलं रक्त म्हणजे दवाखान्यातली एक बाटली, असंच अल्का इतकी वर्षं धरून चालली होती. तेही असंच गरम होतं तर. कोणीतरी आपलं काम सोडून, असाच हात लांब करून झोपलं होतं. त्या माणसाच्या पिशवीलाही असाच हात लावता आला असता. तिचे डोळे वाहू लागले आणि तिने ते पुसले नाहीत.

"कोनाले जाईन हे?"

"ते आम्हालाही माहीत नसतं, ताई."

"बरं हाय," अल्का म्हणाली. तिने पिशवीवरचा हात क्षणभर तसाच ठेवला, मग काढून घेतला. "जाय माय. सुखानं जाय."